वकीलपत्रावरचं दुसरं नाव

तात्या,

तुम्ही गेलात त्या दिवशी इंदापूरच्या कोर्टात एकच काम चाललं, आणि ते तुमचंच होतं. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे. तुमचा जन्म, तुमची सनद, किती वर्षं वकिली केलीत, हे सगळं शोकसभेत वाचून झालं. त्यात दोन चुका होत्या. तुम्ही असतात तर वाचणाऱ्याला मधेच थांबवून त्या दुरुस्त केल्या असत्यात. आम्ही कुणी केल्या नाहीत.

मी रडले नाही, हेही आधीच सांगते. बारामतीहून गाडी काढली, वाटेत चहा घेतला, स्मशानभूमीत वकिलांच्या घोळक्यात उभी राहिले, तुमच्या मुलाशी चार वाक्यं बोलले. मागं कुणीतरी म्हणालं, "पिकलं पान होतं, गळालं." मला ते आवडलं नाही. दोनच आठवड्यांपूर्वी हे पिकलं पान माझ्याशी फोनवर भांडलं होतं, आणि ते भांडण अजून मिटायचं होतं.

भांडण जुनंच. नव्या वकिलानं काम शिकायचं कुठं, कुणाच्या हाताखाली, आणि तो शिकला हे बाकीच्यांना कळायचं कसं, यावर आपण दोघं वीस-बावीस वर्षं भांडत आलो. दुसऱ्या कुठल्या विषयावर आपलं कधी वाजलं नाही. तुमच्या राजकारणावर मी बोलत नव्हते आणि माझ्या लग्न न करण्यावर तुम्ही बोलत नव्हतात.

मी तुमच्याकडे आले तेव्हा सनद कोरी होती आणि अंगातला काळा कोट दोन मापं मोठा होता. शेळगावचं आमचं घर मेंढरांचं. आजोबांपर्यंत कळप होता, वडिलांनी तो विकून शेती धरली, आणि घरातली पहिली वकील मी. तुमच्या कार्यालयातल्या बाकावर तेव्हा जागा नसायची. चार ज्युनिअर बसलेले आणि पाचवा दारात उभा. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि विचारलंत, "गाव कंचं?"

"शेळगाव."

"मग चालता येत असंल. बस."

झाली मुलाखत. त्या दिवसापासून माझं नाव शेळगाव पडलं. सगळ्यांना तुम्ही गावाच्याच नावानं हाक मारायचात. बावडा, निमगाव, भिगवण अशी आमची हजेरी व्हायची. तीन वर्षांत सुरेखा म्हणून तुम्ही मला एकदाही हाक मारली नाहीत. मी मोजत होते.

चालता येण्याचं काय ते आठवड्याभरात कळलं. बांधाचा किंवा वाटेचा दावा आला की कागद उघडायच्या आधी ज्युनिअरला एसटीनं त्या गावी धाडायचं, ही तुमची पद्धत. बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं, शेजाऱ्यापाजाऱ्याशी बोलायचं, संध्याकाळी येऊन तुम्हाला सांगायचं. त्यानंतरच फाईल हातात मिळायची. शहरात शिकून आलेले दोघं यालाच कंटाळून गेले. मला ते सोपं गेलं. उन्हात रानातून हिंडायचं आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

एक दिवस मात्र तुम्ही मला वेगळाच धडा दिलात. तुम्ही पुण्याला गेला होतात आणि तुमच्या एका कामात मी तारीख मागून घेतली. साक्षीदार हजर होता, पक्षकार हजर होता, काम चालवायला दुसऱ्या वकिलाला उभं करता आलं असतं. पण मला घाई होती, म्हणून "साहेब, तारीख मिळावी" म्हटलं आणि मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी तुम्हाला कळलं. रागावला नाहीत. म्हणालात, "पुढच्या खेपंला ज्याला तारीख देशील, त्याच्यासंगं स्टँडवर जायचं आन् त्याची गाडी येईपर्यंत बसायचं. हा नियम." पुढच्या महिन्यात तशी वेळ आली. एका म्हाताऱ्यासोबत मी इंदापूरच्या स्टँडवर पावणेदोन तास बसले. त्यानं मला पिशवीतला अर्धा पेरू दिला आणि एवढंच विचारलं, "आता पुन्यांदा कवा यायचं, बाई?" त्याचं गाव तीस किलोमीटरवर होतं आणि दिवसातून दोनच गाड्या होत्या. तारीख मागताना माझी जीभ आजही अडखळते. हे मला कुठल्या कॉलेजनं शिकवलं नाही, तुम्ही शिकवलंत, आणि त्याबद्दल तुमचे आभार मी कधीच मानले नाहीत. आता मानते.

पण नावाचं मी विसरले नाही.

वकीलपत्रावर पक्षकार सही करतो आणि वकिलाला आपल्या वतीनं उभं राहायचा अधिकार देतो. बहुतेक कार्यालयांत सिनिअरच्या नावाखाली ज्युनिअरचं नाव घालतात. तुमच्या कार्यालयात घालत नसत. दावे आम्ही लिहायचे, उलटतपासाचे प्रश्न आम्ही काढायचे, आणि कागदावर नाव फक्त तुमचं. मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "नाव आलं की चूकबी नावावर येती. शिकताना चुका व्हणारच. त्या माझ्या नावावर होऊ द्या." ऐकायला हे फार मोठ्या मनाचं वाटतं. आमच्यापैकी अर्धे जण ते तुमचं थोरपण म्हणून गावोगाव सांगत हिंडले. मी म्हणायचे, तात्या, चुका तुमच्या नावावर गेल्या हे कबूल, पण शिकलेलंही तुमच्याच नावावर राहिलं.

याचा चटका मला बारामतीला आल्यावर बसला. एका बँकेच्या वकिलांच्या यादीत नाव घालायचा अर्ज भरत होते. त्यात एक रकाना होता: आपण स्वतः हजर राहिलेल्या प्रकरणांचा तपशील, निकालाच्या प्रतींसह. तीन वर्षं मी रोज कोर्टात होते आणि त्या रकान्यात लिहायला माझ्याकडे एक ओळ नव्हती. मी तो कोरा ठेवला. अर्ज परत आला. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, "त्यांना म्हणावं, मला इचारा." तात्या, बँक कुणाला विचारत नसते. रकाना बघते.

तरी तुम्ही माझ्या कार्यालयाच्या उद्घाटनाला आलात. पक्षकाराच्या खुर्चीत बसलात, बिनसाखरेचा चहा घेतलात, भिंतीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "खिडकी मावळतीला हाय. उन्हाळ्यात भाजशील." एवढं बोलून गेलात. दर एप्रिलमध्ये मी भाजते.

मग काळ पालटला, आणि आपलं भांडणही थोडं पालटलं. आधी मुलं सिनिअरच्या दारात उभी असत, आता सिनिअर मुलांची वाट बघतात. कायद्याचं कॉलेज करणारी मुलं आपल्या भागात पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त झाली, त्यातही मुली जास्त, पण तालुक्याच्या कोर्टात बसायला येणारी बोटांवर मोजावीत इतकी. काही जण पुण्यात खोली घेऊन न्यायाधीशाच्या परीक्षेचे क्लास लावतात. काही जण एमआयडीसीतल्या कंपन्यांत करार वाचायला जातात. उरलेल्यांना पुण्यातल्या मोठ्या वकिली कार्यालयांत तीन-तीन महिन्यांच्या इंटर्नशिप करायच्या असतात. तिथल्या मुलाखती मोबाइलवर होतात, शेवटी प्रमाणपत्र मिळतं, आणि त्या प्रमाणपत्रावर मुलाचं स्वतःचं नाव असतं. माझ्याकडे सल्ला विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पुण्याची वाट दाखवली. दोन-तीन कार्यालयांत माझी ओळख झाली होती, ती वापरली. तुम्हाला ते कळायचंच. "तू हमाल झालीयास," असं तुम्ही एकदा भर लग्नात म्हणालात. "हितली पोरं उचलायची आन् पुण्याला उतरवायची. तालुक्याला वकील लागत न्हाय व्हय?"

"तालुक्याला वकील लागतो, तात्या. वकिलाला पोट लागतं," मी म्हणाले. शेजारी जेवणारे हसले. आपण दोघं हसलो नाही.

चार-पाच महिन्यांपूर्वी तुमच्याकडे अश्विनी आली. मोरगावजवळच्या कोरडवाहू गावातली, बारीक चणीची, आवाज मात्र खणखणीत. बऱ्याच काळानं तुमच्या बाकावर कुणी बसलं होतं. तुम्ही तिला मोरगाव म्हणायला लागलात. तुमच्याच सांगण्यावरून ती एकदा काही जुना निकाल न्यायला माझ्याकडे आली आणि मी सवयीप्रमाणे तिची चौकशी केली. मुलगी हुशार होती. मी पुण्याला शब्द टाकला, मोबाइलवर मुलाखत झाली, आणि तिच्या नावानं पत्र आलं: पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू व्हा. मग मी तुम्हाला फोन केला. कळवायला केला की डिवचायला, हे आता खात्रीनं सांगता येत नाही.

"पोचव," तुम्ही म्हणालात. "तुझं कामच हाय ते."

"तुमच्याकडे राहून तिला काय मिळणार? माझ्यासारखा कोरा रकाना?"

तुम्ही म्हणालात, "बरं. ठेवतो." आपल्यातलं शेवटचं वाक्य हे. याच्याहून बरं काहीतरी निघालं असतं, पण दोघांपैकी कुणी पुन्हा फोन केला नाही.

आता त्या दिवसाचं सांगते.

आपल्याकडचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. वकील गेला की त्या दिवशी कुणी काम चालवत नाही. न्यायाधीश सगळ्या कामांना तारखा देतात. तुम्ही पहाटे गेलात, अकराला अग्नी दिला. त्या दिवशी कोर्टाच्या कामांच्या यादीत तुमचा एक अर्ज होता. शेळगावच्या दगडूनानांची शेतातून बाहेर पडायची वाट शेजाऱ्यानं चर खणून तोडली होती. तोडीला आलेला ऊस उभा, कारखान्याची टोळी दोन दिवसांत उतरणार, आणि ट्रॉली रस्त्यावर यायला वाट नाही. टोळी एकदा दुसऱ्याच्या रानात गेली की परत कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. तोवर ऊस वाळतो. म्हणून तुम्ही चर बुजवायचा तातडीचा हुकूम मागितला होता.

चितेच्या अलीकडे, कडुलिंबाच्या सावलीत शेजाऱ्याचे वकील मोहनराव उभे होते. अश्विनी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. मी दोन हातांवर होते.

"सर, आज दोन वाजता मी नानांचं काम चालवणार हाय."

मोहनरावांनी तिच्याकडे पाहिलं. "पोरी, चिता पेटलीय अजून."

"व्हय सर. म्हणूनच हितं सांगते. नंतर तुमी घरी जाल. तुमच्या मागं मला ऑर्डर घ्यायची न्हाय. तुमी या."

"तात्यांनी सांगितलंवतं?"

"न्हाय. मीच ठरवलंय. तोडीला सुतक कळत न्हाय, सर."

मोहनराव तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले. ते मी लिहीत नाही.

दोन वाजता ती कोर्टात आली. केस ओले होते. स्मशानातून परतून अंघोळ केलेली आणि तशीच कोट घालून निघालेली. आम्ही पंधरा-वीस वकील व्हरांड्यात बसलो होतो. कुणी तिच्याशी बोललं नाही. मोहनराव मात्र आले, पाय आपटत आले, पण आले. मी उठून दारापर्यंत गेले, आत गेले नाही. साहेब तारीख देत होते. आतून तिचा आवाज आला, "तारीख नको, साहेब." मी बावीस वर्षं कोर्टात आहे, तात्या. इतक्या नव्या वकिलाच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलेलं नव्हतं. ती बोलली, तेही बांध चालून आल्यासारखं बोलली, चर किती पावलांवर आहे, बाभळ कुठं आहे, जुन्या गाडीवाटेची चाकोरी कुठं दिसते. मोहनराव जीव तोडून विरुद्ध बोलले. साहेबांनी पुढच्या तारखेपर्यंत, म्हणजे आठ दिवसांसाठी, चर बुजवून वाट मोकळी करायला सांगितलं. संध्याकाळी चर बुजला.

तिसऱ्या दिवशी वकिलांच्या खोलीत तुमची शोकसभा झाली. हार घातलेला फोटो, दोन मिनिटं शांतता, मग भाषणं. तुमची स्तुती संपल्यावर एक ज्येष्ठ वकील उठले आणि अश्विनीवर घसरले. सिनिअरची राख गार झाली नाही आणि हिला नाव कमवायची घाई झाली. असली मुलगी कुणी आपल्या कार्यालयात बसवू नये. आणि मुळात तिला उभं राहायचा अधिकारच नव्हता, तात्या कुणा ज्युनिअरचं नाव घालत नसत हे सगळ्यांना माहीत आहे. ती मागच्या बाकावर बसली होती, मान खाली घालून. सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण तुमच्या जुन्या ज्युनिअरांपैकी तिथं मी एकटीच होते.

मी तोंड उघडायच्या आत मोहनराव बसल्या जागेवरून म्हणाले, "अधिकार व्हता. वकीलपत्रावर तिचं नाव हाय. तात्यांच्या खाली दुसरं. तात्यांच्याच अक्षरात. मी डोळ्यांनी बघितलंय." आणि मग, आपण जास्त चांगलं बोलून गेलो असं वाटून, "अधिकार व्हता, अक्कल न्हवती," असं पुढं जोडलं.

मला कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. वकीलपत्र दोन महिन्यांपूर्वीचं. म्हणजे मी फोनवर कोऱ्या रकान्याचं बोलले तेव्हा तिचं नाव कागदावर चढलेलं होतं. तुम्ही म्हणू शकला असतात, शेळगाव, तुझं ऐकलंय मी. तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणालात. बावीस वर्षांचं भांडण मी जिंकलेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. का सांगितलं नाहीत? हट्टानं? लाजेनं? का मला सांगायचं राहूनच गेलं, जसं माणसाचं काहीही राहून जातं?

आणि आता जे सभेत कुणाला सांगितलं नाही ते सांगते. मला आधी आनंद झाला नाही. मला राग आला. तीन वर्षं तुमच्या फायली उचलल्या, तुमचे बांध चालले, पावणेदोन तास स्टँडवर बसले, आणि माझं नाव नाही. आणि ही पोरगी तिसऱ्या महिन्यात तुमच्या अक्षरात दुसरी. तो राग गिळण्यात माझा वेळ गेला. तेवढ्यात ठराव नाही पण सगळ्यांचं मत झाल्यासारखं झालं, आणि लोक उठले. मी तिच्या बाजूनं एक शब्द बोलले नाही. तुमच्या विरोधी वकिलानं तिची बाजू घेतली आणि तुमच्या ज्युनिअरनं घेतली नाही.

व्हरांड्यात मी तिला गाठलं. "झालं ते झालं," मी म्हणाले. "आता इंदापुरात तुला कुणी बसवून घेणार नाही. तात्यांचा मुलगा महिन्याभरात कार्यालय बंद करील. पुण्याचं पत्र आहे. एक तारखेला निघ."

"पत्राला मी काल न्हाय म्हणून कळवलं, मॅडम."

मी चिडले. अजूनही माझं मत आहे की तिनं चूक केली. तिला म्हणालेही तसं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुमी सभेत का न्हाय बोललात?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या साक्षीदाराला विचारावं तसं सरळ विचारलं, आणि उत्तरासाठी थांबली. हे तिला तुम्हीच शिकवलं असणार. प्रश्न विचारल्यावर गप्प बसायचं, घाई करायची नाही. मी म्हणाले, "सुचलं नाही." ती म्हणाली, "बरं." आणि गेली.

बारामतीपर्यंत गाडी चालवताना मी स्वतःशी पुष्कळ युक्तिवाद केले. एकही टिकला नाही.

आठ दिवसांचा हुकूम गुरुवारी संपत होता. निम्मा ऊस निघाला होता, निम्मा उभा होता. मोहनराव या खेपेला तयारीनं येणार, हे उघड होतं. ते चाळीस वर्षांचे वकील. ती पाच महिन्यांची. मी बुधवारी सकाळी शेळगावला गेले आणि दगडूनानांना भेटले. नाना मला लहानपणापासून ओळखतात. "वाट बघायचीय," मी म्हणाले. नाना म्हणाले, "ती पोरगी तीनदा बघून गेली की. पुन्हा काय बघती?" तरी मी चालले. चर बुजवलेल्या जागेवर ट्रॉलीच्या चाकांचे ओले ठसे होते. बाभळीच्या खोडाला बैलगाडीच्या चाकाचा आस घासल्याचा जुना वण होता, चांगला हातभर उंचीवर, साल भरून आलेली. शेजारी म्हणत होता की इथून गाडी कधी गेलीच नाही. मी मोबाइलवर चार फोटो काढले.

गुरुवारी सकाळी दहाला मी तुमच्या कार्यालयात गेले. दार उघडं होतं. अश्विनी तुमच्या खुर्चीत बसलेली नव्हती. बाकावर बसून फाईल वाचत होती. मी फोटो तिच्यापुढे ठेवले. तिनं ते बघितले, वणाच्या फोटोवर थांबली, आणि म्हणाली, "हे माझ्या ध्यानात न्हाय आलं."

"मेंढरामागं हिंडलं की झाडांची खोडं दिसतात," मी म्हणाले. "नवं वकीलपत्र काढ. मीही उभी राहते. नाना सही करायला बाहेर आलेत."

तिनं कागद घेतला. पहिली ओळ तिनं माझ्यासाठी मोकळी सोडली आणि खाली स्वतःचं नाव लिहायला पेन टेकवलं. मी तिचा हात धरला. "पहिल्या ओळीवर तू लिही."

"असं कसं, मॅडम? लोक हसतील."

"हसू देत. हा तुझा दावा आहे. आणि सभेत मी का बोलले नाही ते तू विचारलं होतंस. मला तुझ्या नावाचा हेवा वाटला, म्हणून." हे म्हणताना माझा आवाज फुटला. तुमच्या चितेपुढे न आलेलं रडू तिथं आलं, बाकावर, सकाळी सव्वादहाला, एका पंचवीस वर्षांच्या मुलीसमोर. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि नजर फाईलवर ठेवली. शहाणी मुलगी आहे.

अकराला काम निघालं. वकिलांनी खोली भरली होती. तमाशा बघायला आले होते, उगाच कशाला खोटं बोलू. आम्ही दोघी उठलो. साहेब बारामतीला होते तेव्हापासून मला ओळखतात. त्यांनी अर्थातच माझ्याकडे पाहून विचारलं, "मॅडम, या कामात आता आपण बोलणार?"

"नाही साहेब. मॅडम बोलतील," मी अश्विनीकडे हात केला. "मी त्यांची ज्युनिअर."

मागं हशा पिकला. मोहनरावही हसले. लेखनिकानं पेन उचलून साहेबांकडे पाहिलं, हे असं लिहायचं का म्हणून. साहेब हसले नाहीत. त्यांनी क्षणभर आम्हा दोघींकडे पाहिलं आणि म्हणाले, "लिहा."

अश्विनी वीस मिनिटं बोलली. दोनदा चुकली, एकदा मी बाहीला धरून कागद दिला, बाकी तिचं तिनं केलं. फोटोतला वण पाहून साहेबांनी मोहनरावांना विचारलं, इथून गाडी गेलीच नाही तर बाभळीला घासलं काय? मोहनरावांनी बरंच काही सांगितलं. दाव्याचा निकाल लागेपर्यंत वाट उघडी ठेवायचा हुकूम झाला. नाना कुणाचे आभार न मानता धावत स्टँडकडे गेले, ट्रॉलीवाल्याला फोन लागत नव्हता म्हणून.

तुमच्या मुलानं कार्यालय सहा महिने राहू द्यायचं कबूल केलं आहे. अश्विनी तिथंच बसणार, मी दर गुरुवारी जाणार. हे पुढं कसं जमायचं ते मला ठाऊक नाही, आणि ती पुण्याला गेली असती तर बरं झालं असतं हे माझं मत मी सोडलेलं नाही. तुम्ही असतात तर ते आपण पुढं लढवलं असतं.

दुपारी कोर्ट उठल्यावर मी लेखनिकाच्या टेबलाशी गेले आणि त्या दिवसाची नोंद बघायला मागितली. त्यानं वही फिरवून माझ्याकडे केली. वादीतर्फे वकील अश्विनी, आणि त्यांच्या खाली, तात्या, सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा, ज्युनिअर म्हणून माझं नाव.